सर्व्हर निवडायचा म्हणजे आधी चालवणारा बघायचा

पत्र: ताई, मी कॉलेजात गणित शिकवते. मॅस्टोडॉनवर, म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या सर्व्हरांच्या त्या ट्विटरसारख्या जाळ्यावर, यायचं ठरवून तीन आठवडे झाले पण पहिल्याच पायरीवर घोडं अडलंय. आधी सर्व्हर निवडा म्हणतात. यादी उघडते, नावं वाचत खाली जाते आणि बंद करते. कॉलेजातल्याच एका मित्राने स्वतःचा सर्व्हर टाकलाय, तीसेक जण आहेत, बहुतेक सगळे आमचेच लोक, तो भेटला की विचारतो कधी येतेस. बाकी ओळखीचे मोठ्या मूळ सर्व्हरवर आहेत. गणितवाल्यांचा वेगळा आहे असंही ऐकलं, पण मला माझं विणकामही टाकायचंय. चुकीचा निवडला तर लोक मला दिसणारच नाहीत का? सर्व्हर बंद पडला तर? आणि खरं सांगू का, मित्रच ॲडमिन, म्हणजे सर्व्हर चालवणारा, असला तर तो माझे मेसेज वाचू शकतो का? हे त्याला विचारायची लाज वाटते.

उत्तर: अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण मला वाटतं यादी हे निमित्त आहे, तुझं खरं अडलंय ते मित्राच्या आमंत्रणापाशी.

तर हो, वाचू शकतो. मॅस्टोडॉनवरचे खाजगी मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतील असे कुलूपबंद, नसतात, ते सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये साध्या मजकुरासारखे पडून असतात आणि ज्याच्या हातात डेटाबेस त्याला ते काढून वाचता येतात. म्हणजे तो रोज बसून वाचतो असं नाही हं, ॲडमिनच्या स्क्रीनवर ते आपोआप समोर येत नाहीत, कुणी मेसेज रिपोर्ट केला तर तेवढा दिसतो, बाकी मुद्दाम आत शिरून शोधावं लागतं. पण शक्य आहे. आणि हे फक्त मित्राच्या सर्व्हरचं नाही, सगळ्याच सर्व्हरांचं आहे, शिवाय तू ज्याला मेसेज पाठवतेस त्याच्या सर्व्हरवरही त्याची एक प्रत जाते, म्हणजे दोन ठिकाणचे ॲडमिन आले. आणखी एक, मेसेजमध्ये बोलता बोलता तिसऱ्या कुणाचं नाव ॲट लावून लिहिलंस तर तो मेसेज त्यालाही जातो. यात भलेभले फसलेत, मागून निंदा करायला गेले आणि त्याच्याच इनबॉक्समध्ये पोचली. त्यामुळे जे चारचौघांत गेलं तर जिवाला लागेल ते तिथं लिहायचंच नाही, त्यासाठी सिग्नलसारखं ॲप वापर.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. मे २०२३ मध्ये कोलेक्टिव्हा नावाच्या सर्व्हरच्या एका ॲडमिनच्या घरी एफबीआयची धाड पडली, कारण वेगळंच होतं, सर्व्हरशी काही संबंध नव्हता, पण त्या वेळी त्याच्याकडे काहीतरी दुरुस्तीसाठी डेटाबेसचा बॅकअप एन्क्रिप्ट न करता काढून ठेवलेला होता आणि तोही जप्तीत गेला. त्यात लोकांचे ईमेल, खाजगी मेसेज सगळं. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि माझ्या डोक्यात तेच बसलंय. नुसता भला माणूस असून भागत नाही, काम नीट करणारा पण लागतो.

आता दिसण्या-न दिसण्याचं. ईमेलसारखं समज, तुझा पत्ता एका ठिकाणचा असला तरी मेल कुणालाही जातो. सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने बोलतात, २०१८ पासून तो डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, अधिकृत स्टँडर्ड आहे, आणि त्यामुळे तू कुठंही असलीस तरी मोठ्या सर्व्हरवरच्या तुझ्या ओळखीच्यांना फॉलो करशील, ते तुला करतील, उत्तरं देतील, काही अडत नाही. इथवर सगळेच सांगतात. पण लोक पुढचा अर्धा भाग सांगत नाहीत आणि मग नवीन माणूस आठ दिवसांत "इथं तर काहीच नाही" म्हणून निघून जातो.

तो अर्धा भाग असा, की तुझ्या सर्व्हरला सगळं जग दिसत नसतं. त्याच्यावरचे लोक ज्यांना फॉलो करतात, त्यांच्या पोस्टी येतात, त्यांनी बूस्ट केलेलं, म्हणजे पुढे पाठवलेलं, येतं, कुणी मुद्दाम शोधून आणलेलं येतं, बस. म्हणजे मित्राच्या तीस जणांच्या सर्व्हरवर विणकामाचा हॅशटॅग टाकून बघितलास तर तीन पोस्टी दिसतील, त्यातली एक दोन वर्षांपूर्वीची, आणि तोच हॅशटॅग मोठ्या सर्व्हरवर लॉगिन न करता नुसता ब्राउझरमध्ये उघडलास तर खाली सरकवत बसशील तेवढं निघेल. विणणारे लोक तेच, सुयाही त्याच, फक्त तुझ्या सर्व्हरपर्यंत ते अजून पोचलेलेच नाहीत. हे सुधारता येतं, तू स्वतः चाळीस-पन्नास विणकामवाले फॉलो केलेस की चित्र बदलतं, हॅशटॅगसुद्धा फॉलो करता येतो, काही ॲडमिन रिले लावतात म्हणजे बाहेरच्या पोस्टींचा पाट आत वळवून घेतात. पण छोट्या ठिकाणी पहिले दोन-तीन आठवडे ही मेहनत तुलाच करावी लागणार, हे आधी माहीत असलेलं बरं.

लोक न दिसण्याचं दुसरं कारण ब्लॉकचं. एक ॲडमिन दुसऱ्या अख्ख्या सर्व्हरला बंद करू शकतो, आणि तसं केलं की दोन्हीकडच्या लोकांचं एकमेकांना फॉलो करणंही तुटतं. हे वाईट नाही, गरजेचं आहे. २०१९ मध्ये गॅब या कट्टर उजव्यांच्या साइटवाले मॅस्टोडॉनचाच कोड घेऊन या जाळ्यात शिरले तेव्हा भराभर सर्व्हरांनी त्यांना दार लावलं, आणि ते लावलं नसतं तर अनेक लोकांना इथं राहणं मुश्कील झालं असतं. पण याचा तुझ्याशी संबंध असा, की ढिसाळ सर्व्हर निवडलास, जिथं शिवीगाळ करणाऱ्यांना कुणी आवरत नाही, तर त्यांच्या पापाने तुझाही पत्ता बाद होतो. तुझ्या आवडीचे लोक ज्या सर्व्हरवर आहेत त्यांच्या माहितीच्या पानावर ब्लॉकची यादी बऱ्याचदा उघडी असते, तिथं तू निवडलेलं नाव नाही ना एवढं बघून घे. आणि घरातलं कुणी थ्रेड्सवर असेल, त्यांच्याशी इथून बोलायचं असेल, तर तुझा सर्व्हर थ्रेड्सला जोडलेला आहे की नाही तेही बघ, कारण मेटाने डिसेंबर २०२३ पासून जोडणी सुरू केली तेव्हा अनेकांनी ती आधीच बंद करून ठेवली. कुणाचं बरोबर यात मी पडत नाही, तुला काय हवं ते तू ठरव.

आता "बंद पडला तर" याचं सांगते. हे माझ्यावर बेतलेलं आहे.

मी पहिल्यांदा आले ती एका छोट्या सर्व्हरवर. विषय आवडीचा, माणसं गोड, दीडशेच्या आसपास असू, रोज एकमेकांच्या पोस्टखाली लिहायचो. चालवणारा एकटा होता. एक दिवस सकाळी पान उघडेना, वाटलं माझंच नेट गेलं. दुसऱ्या दिवशी सर्टिफिकेट संपल्याची एरर, आणि आठवड्याभरात तर डोमेनच, म्हणजे सर्व्हरचा वेबवरचा पत्ताच, सापडेना. त्याला मेल करावा तर त्याचा दिलेला पत्ताही त्याच डोमेनवरचा, त्यामुळे मेल तसाच परत आला. सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू, दुसऱ्या सर्व्हरवर माझ्या जुन्या पोस्टींच्या प्रती दिसत होत्या, माझा फोटो, माझं नाव, खाली लोकांनी "कुठं आहेस गं" विचारलेलं, आणि मला तिथं उत्तर देता येत नव्हतं कारण लॉगिन करायला सर्व्हरच उरला नव्हता. साडेतीन वर्षांचं लिहिलेलं गेलं, आणि मी एकदाही एक्सपोर्ट, म्हणजे माझ्या अकाउंटची प्रत, उतरवून घेतलेलं नव्हतं. त्या माणसाचं काय झालं ते आजतागायत कळलं नाही. राग यायचा तेव्हा, आता काळजी वाटते, एकट्याने उचललं होतं सगळं.

म्हणून मी कुणालाही सर्व्हर सुचवताना विषय, नाव, लोगो, माणसं किती हे नंतर बघते. आधी बघते चालवतंय कोण, आणि त्याला काही झालं तर दुसरं कोण आहे.

मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत नाव यायचं असेल तर सर्व्हरला काही अटी मान्य कराव्या लागतात. वंशद्वेष, स्त्रीद्वेष, समलिंगी आणि ट्रान्स लोकांचा द्वेष यांच्यावर खरोखर कारवाई करायची, रोज बॅकअप घ्यायचा, अडीअडचणीला आणखी किमान एका माणसाकडे सर्व्हरचा ताबा असला पाहिजे, आणि बंद करायचं झालं तर तीन महिने आधी सांगायचं. माझा सर्व्हर बंद पडला तेव्हा यातली एक जरी गोष्ट असती, ती दुसऱ्या माणसाची, तरी आम्ही सगळे सुखरूप बाहेर पडलो असतो. अर्थात मान्य केलं म्हणजे पाळतातच असं नाही, पण ज्याने एवढंही कबूल केलेलं नाही त्याच्याकडे जाताना जास्त विचारून जावं.

बंद होणं वाईट नाही गं, न सांगता बंद होणं वाईट. मॅस्टोडॉन डॉट टेक्नॉलॉजी म्हणून एक चांगला चाललेला सर्व्हर होता, तो चालवणाऱ्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की घरची परिस्थिती अशी आहे, मला आता जमणार नाही, आणि डिसेंबर उजाडताना बंद केला. लोकांना हळहळ वाटली, पण हलायला वेळ मिळाला. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये क्वीअर डॉट एएफ या सर्व्हरचं डोमेन तालिबान सरकारच्या ताब्यातल्या खात्याने काढून घेतलं, कारण एएफ हे शेपूट अफगाणिस्तानचं. म्हणजे सर्व्हर धडधाकट, ॲडमिन जागेवर, आणि पत्ताच गेला. तेव्हा नावाचं शेवटचं टोक कुठल्या देशाचं आहे यावरही एक नजर टाक, दोन अक्षरी शेपटं दिसायला गोड असतात पण मालक कुणीतरी दुसराच असतो.

तर तुझ्या मित्राकडे येऊ. भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथं अगदी लागू आहे. त्याने मन लावून काहीतरी उभं केलंय, त्याला माणसं हवीत, आणि तू नाही म्हणालीस तर त्याला लागेल असं तुला वाटतंय. पण तिथं मेसेज वाचण्यापेक्षा मोठी अडचण मला वेगळी दिसते. तीस जण, बहुतेक कॉलेजातले. तिथल्या लोकल टाइमलाइनवर, म्हणजे त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांच्या पोस्टी एकत्र दिसतात त्या पानावर, तू सार्वजनिक लिहिलेलं प्रत्येक वाक्य तुझ्या स्टाफरूममधला प्रत्येक जण वाचणार, कारण दिवसाला दहा-बारा पोस्टी तर पडणार. उद्या त्यातल्याच कुणी तुला त्रास दिला आणि तू रिपोर्ट केलास, तर तो रिपोर्ट जाणार मित्राकडे, म्हणजे त्याने दोन सहकाऱ्यांमध्ये न्याय करायचा आणि तिघांनी दुसऱ्या दिवशी एकाच टेबलावर बसायचं. आणि देव न करो पण तुमच्या दोघांचंच बिनसलं तर तुझं अकाउंट त्याच्या हातात. चांगल्या मैत्रीवर एवढं ओझं टाकू नये असं माझं मत आहे. ज्यांचं लिहिणं कामाच्या ठिकाणापासून जरा बाजूला राहिलेलं बरं, त्यांनी कामाच्या माणसाच्या सर्व्हरवर घर करू नये.

मोठ्या मूळ सर्व्हरवर, म्हणजे मॅस्टोडॉन डॉट सोशलवर जायला काहीच हरकत नाही, आणि तिथं जाणाऱ्यांना नावं ठेवणारे लोक मला आवडत नाहीत. तो मॅस्टोडॉन बनवणारी संस्थाच चालवते, रातोरात गायब व्हायची भीती फार कमी, हॅशटॅग भरलेले, आणि मे २०२३ मध्ये अधिकृत ॲपने नवीन माणसाला आधी तिथंच न्यायला सुरुवात केली. तोटा हा की लोकल टाइमलाइन म्हणजे नुसता पूर, शेजार असा लागत नाही, आणि गर्दी मोठी म्हणून काही छोटे सर्व्हर त्याच्यावर मर्यादा घालतात. शिवाय सगळेच एका जागी गेले तर हे जाळं विखुरलेलं ठेवण्याचा अर्थच उरत नाही, हे मला मनापासून वाटतं, पण ते ओझं तुझ्या एकटीच्या डोक्यावर नाही.

आणि गणितवाल्यांचा तो सर्व्हर, मॅथस्टोडॉन. तू नुसतं ऐकलंयस असं लिहिलंस म्हणून सांगते, तिथं वेबवर लाटेक्स, म्हणजे गणिताची सूत्रं लिहायचा कोड, रेंडर होतं, म्हणजे तू इंटिग्रल लिहिलंस तर तिथल्या लोकांना खरं इंटिग्रल दिसतं. बाहेरच्या बहुतेकांना मात्र कच्चा कोडच दिसणार, ते लक्षात ठेव. आणि मॅस्टोडॉनवर एरवी पोस्टला ५०० अक्षरांची मर्यादा असते, तिथं ती १७२९ आहे. हार्डीच्या टॅक्सीचा नंबर, रामानुजननी ऐकताच खास म्हटलेला, तुला काय सांगायचं! ज्याने हा आकडा सेटिंगमध्ये टाकला त्याला शेजारी म्हणून राहावंसं वाटतं की नाही सांग. विणकामाची काळजी करू नकोस, विषयाचा सर्व्हर म्हणजे दिवसभर त्याच विषयावर बोला असा नियम सहसा नसतो, तो शेजार कसला आहे एवढंच सांगतो. नियमात काही वेगळं असेल तर माहितीच्या पानावर लिहिलेलं असतं. काही ठिकाणी मॉडरेटरना, म्हणजे नियम सांभाळणाऱ्यांना, जी भाषा वाचता येते त्यातच सार्वजनिक लिहा असं म्हणतात, तुला आपल्या भाषेत लिहायचं असेल तर हे कलम नक्की बघ.

ते माहितीचं पान दहा मिनिटं नीट वाच, मी खरंच सांगते, तीन आठवडे यादी चाळण्यापेक्षा त्या दहा मिनिटांत जास्त कळतं. नियम "चांगलं वागा" एवढेच आहेत की कुणीतरी विचार करून लिहिलेत. ब्लॉक केलेल्या सर्व्हरांपुढे कारण दिलंय का, "स्पॅम", "छळ" असं, की यादीच नाही. मॉडरेटर एक की चार. पैशांचा हिशोब कुठं मांडतात का, कारण फोटो-व्हिडिओ साठवायला पैसे लागतात आणि वर्गणी, देणगी काहीच नसताना एकजण स्वतःच्या खिशातून चालवत असेल तर तो कधी दमेल सांगता येत नाही. मग ॲडमिनच्या स्वतःच्या अकाउंटवर जाऊन मागचा महिनाभर वर-खाली कर. सर्व्हर अपडेट केला, अमुक वेळ बंद राहील, अमुक बिघाड झाला होता तो असा दुरुस्त केला, अशा पोस्टी दिसल्या की समज माणूस जागा आहे. शेवटची पोस्ट सात महिन्यांपूर्वीची असेल तर पुढं हो.

माझं ऐकशील तर अकाउंट मॅथस्टोडॉनवर काढ, तिथं त्या वेळी नोंदणी बंद असेल किंवा वाचून पटलं नाही तर सरळ मोठ्यावर काढ, आणि आज काढ. कारण इथं चुकलं तरी हलता येतं. नव्या अकाउंटवर जाऊन जुन्याचा पत्ता टोपणनाव म्हणून नोंदवायचा, मग जुन्यावरून "हलवा" म्हणायचं, की तुझे फॉलोअर्स आपोआप नव्याकडे येतात. तू ज्यांना फॉलो करतेस ती यादी, ब्लॉक, म्यूट, बुकमार्क हे फाइल उतरवून नव्या ठिकाणी चढवायचं. पोस्टी येत नाहीत, त्या जुन्या जागीच राहतात, त्यांचं आर्काइव्ह उतरवून स्वतःजवळ ठेवता येतं पण नव्या अकाउंटमध्ये ओतता येत नाही. एकदा हललं की पुढचे ३० दिवस पुन्हा हलता येत नाही. आणि हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असेपर्यंतच. माझ्यासारखी वेळ येऊ नये म्हणून महिन्यातून एकदा त्या फाइल्स उतरवायची सवय लाव, पगाराच्या दिवशी लाव म्हणजे विसरायची नाहीस.

मित्राला काय सांगायचं तेही लिहून देते, हवं तर असंच पाठव: "तुझ्या सर्व्हरवर येत नाही कारण कॉलेज आणि माझं बाकीचं लिहिणं वेगळं ठेवायचंय, पण तुला पहिल्या दिवशी फॉलो करणार आहे. आणि एक विचारू, तुझ्याशिवाय सर्व्हरचा पासवर्ड अजून कुणाकडे आहे का? नसेल तर आपल्यातल्या कुणालातरी दे, बॅकअप एकदा परत चढवून बघ, आणि कधी कंटाळा आलाच तर तीन महिने आधी सांगेन असं माहितीच्या पानावर लिहून टाक." त्या तीस जणांमधल्या कुणी हे अजून विचारलेलं नसणार. खरं तर मित्र म्हणून तू त्याला हे विचारणं हे तिथं एकतिसावी होण्यापेक्षा त्याच्या जास्त उपयोगाचं आहे. तो काय म्हणाला ते कळव मला.